धाप थांबली म्हणून गोळी थांबवू नये

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावसारख्या धानपट्ट्यात पावसाळा सरता सरता येणारा ताप कुणाला नवा नाही. डेंग्यू असतोच, २०१८ साली नागपूर विभागात स्क्रब टायफस पसरला, तेव्हा झुडपा-गवतातल्या सूक्ष्म किडीच्या अळ्यांचीही धास्ती बसली. असा ताप कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो. स्नायू ढिला पडतो, पाय सुजतात, आडवे झाले की धाप लागते. अशा रुग्णाला वेळेत नागपूरला पोहोचवण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. तो घरी परतल्यावर महिनोन्महिने गोळ्या कोण पुरवणार, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी गळती तिथेच आहे.

सुजेवर थेट घाव घालणारे औषध बहुतेकांसाठी नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, १११ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा सरसकट फायदा दिसला नाही. मोजक्या, उग्र प्रकारांतच ती लागतात. भिस्त राहते ती हृदयावरचा भार उतरवणाऱ्या साध्या गोळ्यांवर. त्यांच्या आधाराने अनेकांचे हृदय काही महिन्यांत सावरते. मग रुग्ण विचारतो, आता कशाला? तरण्याताठ्या माणसाने जन्मभर गोळ्या का खाव्यात, ही शंका रास्तच आहे. पण २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या लंडनच्या चाचणीत, हृदय पूर्ववत झालेल्या ज्या २५ जणांची औषधे हळूहळू बंद केली, त्यांतल्या ११ जणांचे हृदय सहा महिन्यांत पुन्हा ढिले पडले, औषध चालू ठेवलेल्या २६ जणांत एकाचेही नाही. चाचणी लहान होती, रुग्णही सगळे सुजेचे नव्हते. सूज पूर्ण ओसरलेल्या काहींची औषधे पुढे थांबवता येतीलही. मात्र ते डॉक्टरने इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून ठरवावे, बरे वाटते म्हणून रुग्णाने नव्हे.

खर्चाची सबब आता तितकीशी टिकत नाही. जुन्या गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त आहेत, डापाग्लिफ्लोझिन या नव्या गोळीचे पेटंटही संपले आहे. महाग पडते ती बुडालेली मजुरी: तीन ते सहा महिने अंगमेहनत वर्ज्य, आणि नेमकी त्याच काळात धानकापणी. त्यात गोळ्यांसाठी गोंदियाच्या खेपा पडल्या तर माणूस औषध सोडणारच. म्हणून आमगावच्या ग्रामीण रुग्णालयात या गोळ्या महिन्याच्या हिशेबाने मिळाव्यात, वजन, रक्तदाब आणि रक्तातले पोटॅशियम तिथेच तपासले जावे. गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागेल ते फक्त इकोसाठी, आणि त्याची तारीख घरी सोडतानाच कागदावर लिहून द्यावी.