सागरापारच्या जवानांचा फराळ

दीपावली जवळ आली की महाराष्ट्रातील घराघरांतून कढई चढते, आणि पहिला घाणा देवापुढे ठेवून झाल्यावर दुसरा विचार येतो तो घरापासून दूर असलेल्या माणसांचा. सीमेवरील जवानांस फराळ पाठविण्याची चाल आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. शाळा, महिला मंडळे, गणेशोत्सव मंडळे हे कार्य हौसेने करतात. मात्र आपल्या सैन्याचा एक भाग कोणत्याही भारतीय सीमेवर नसतो. संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून तो दक्षिण सुदान, काँगो, लेबनॉन, गोलन टेकड्या अशा परभूमीवर उभा असतो. १९४८ पासून सुमारे १८० भारतीय शांतिसैनिकांनी या कामी प्राण वेचले आहेत. आमच्या सणाच्या स्मरणात हा जवान क्वचितच असतो, आणि असला तरी त्याच्यापर्यंत डबा कसा पोचवावा हे ठाऊक नसते.

२०२४ ची दीपावली आठवावी. त्या ऑक्टोबरात इस्रायली सैन्य दक्षिण लेबनॉनमध्ये घुसले होते, नाकोरा येथील शांतिसेनेच्या मुख्यालयावर मारा झाला होता आणि आपले ९०० च्या आसपास जवान त्याच पट्ट्यात तैनात होते. बहुतेक परदेशी विमान कंपन्यांनी बैरूटच्या फेऱ्या थांबविल्या होत्या. अशा वेळी येथून सद्भावनेने रवाना केलेल्या खोक्याची गत काय होणार? ते कोठल्या तरी गोदामात पडून राहणार, आणि चकल्यांना खवट वास येणार.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत देश, काळ आणि पात्र यांचा विचार आहे. आम्ही बहुधा पात्रापाशीच थांबतो. जवानापेक्षा योग्य पात्र कोणते, असे म्हणून उरलेल्या दोहोंकडे पाहत नाही. वास्तविक परदेशी जाणाऱ्या पेटीचे यश त्या दोहोंवरच अवलंबून असते.

इतिहासात याची उदाहरणे आहेत. पहिल्या महायुद्धात भारतीय पलटणी फ्रान्सच्या चिखलात लढत असता १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरी यांच्या निधीतून सैनिकांना भेटी देण्यात आल्या. गोऱ्या शिपायांच्या पेटीत प्रामुख्याने तंबाखू होती. शीख शिपायांना मात्र ती वगळून खडीसाखर आणि मसाल्याची डबी दिली गेली. परक्या सरकारची ही भेट होती, तिच्यामागे राजकीय हिशेबही होता. तरीही घेणाऱ्याचा धर्म आणि त्याची जीभ या दोहोंची कोणीतरी चौकशी केली होती, हे मान्य केले पाहिजे. याउलट १९१६ साली मेसोपोटेमियात कुत येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्याची कथा. त्यात मराठा पलटणीही होत्या. शिधा संपत आला, घोड्याचे मांस पुढे आले, आणि हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची संमती तारेने आणवूनही कित्येक शिपाई बराच काळ ते खाण्यास कचरले. घरापासून दूर असलेल्या माणसाला अन्न म्हणजे काय असते, हे त्या उपाशी शिपायांनी दाखवून दिले.

स्वतंत्र भारताचा अनुभव अधिक जवळचा आहे. १९५३ साली कोरियात युद्धकैद्यांच्या रक्षणासाठी आपले दल गेले. त्याचे सेनापती होते कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिल्यामुळे ते सैन्य हेलिकॉप्टरने थेट तळावर उतरवावे लागले. त्या वर्षीची दीपावली या दलाने तेथेच काढली. त्याच्यासाठी भारतीय तिकिटांवर देवनागरी अक्षरे छापण्यात आली होती. टपाल ही सैन्याच्या मनोधैर्याची बाब आहे, हे त्या काळच्या शासनाने ओळखले होते.

आज परिस्थिती निराळी आहे. संयुक्त राष्ट्रांकडून तुकडीला शिधा मिळतो आणि आपलेच आचारी तो रांधतात. तेव्हा जवान उपाशी आहे या समजुतीने पोत्याने माल धाडणे व्यर्थ होय. रात्री दूरध्वनीवर तो घरच्यांचे मुखही पाहतो. त्याला उणीव भासते ती घरच्या हाताची. ती ठोक मालाने भरून येत नाही.

अमेरिकेत 'कोणाही सैनिकास' एवढाच पत्ता घालून पेट्या पाठविण्याची मोठी लाट १९९०-९१ च्या आखाती युद्धात आली होती. पुढे २००१ साली टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी धाडण्याचे प्रकार घडले, आणि तेथील संरक्षण खात्याने अशा निनावी पत्त्याचे टपाल बंद केले. आमच्या मते सुरक्षेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी निनावी पेटी ही दुबळीच भेट आहे. पाठविणाऱ्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येते, घेणाऱ्याला मात्र कोणाची आठवण काढावी ते कळत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते ते असे. आपल्या गावचा, आळीतला एखादा जवान शांतिसेनेत असेल तर त्याच्या घरी जावे. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावांत सैनिकांची घरे शोधावी लागत नाहीत. पत्ता, तुकडी आणि पाठविण्याचा मार्ग त्याच्या घरच्यांकडून समजून घ्यावा, चारचौघांत त्याचा बोभाटा करू नये. डबा त्याच्या आईच्या किंवा पत्नीच्या हातून जाऊ द्यावा. आपण तूप-साखर, टपालखर्च आणि दोन हात द्यावेत. खर्चाचा भार अनेकदा त्या घरावरच पडतो, हे आम्ही विसरतो.

काळाचेही भान हवे. दसऱ्याचे सोने लुटून झाल्यावर निघालेला डबा तुळशीच्या लग्नालाही पोचेल याची शाश्वती नसते. भाद्रपदातच, पितृपक्षापूर्वी तयारी झालेली बरी. ओल्या नारळाच्या करंज्या आणि पेढे घरीच खावेत. कित्येक देशांचे जकात अधिकारी दुधाचे पदार्थ अडवितात. शंकरपाळे, कडक बुंदीचे लाडू, सुक्या खोबऱ्याचा चिवडा टिकतो. आणखी एक गोष्ट भाविक घरांनी ध्यानी घ्यावी : पूजासाहित्यातील कापूर आणि काडेपेटी विमानाच्या टपालाने पाठविता येत नाही. एका कापराच्या वडीपायी सबंध खोके अडकून पडते. त्याऐवजी हळदकुंकवाच्या पुड्या, कापसाच्या वाती, आणि तिथी-वार दाखविणारी मराठी दिनदर्शिका घालावी. ती पाहूनच परदेशी जवान नरकचतुर्दशीची पहाट ओळखतो.

लेबनॉनमधील शांतिसेना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच ठेवण्याचा निर्णय सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये घेतला. परतणाऱ्या जवानाचा औक्षणाचा पाट त्याची माणसे मांडतीलच. तोवर वर्षभर ज्या घरात भाऊबीजेला एक जागा रिकामी राहते, तेथेही फराळाचे एक ताट जायला हवे. त्याला ना जकात लागते, ना टपाल.