ट्यूलिपच्या चौकटीतील जन्मनोंद

अठराव्या शतकात ऱ्हाइन नदीच्या परिसरातील अनेक जर्मन शेतकरी कुटुंबे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात येऊन स्थायिक झाली. तेथे सरकारी जन्मनोंदणी नव्हती, पाळकांची संख्याही अपुरी. म्हणून मुलाचा बाप्तिस्मा झाला की कुटुंब स्वतःच त्याची नोंद एका मोठ्या कागदावर करवून घेई. या पत्राचे नाव ‘टाउफशाइन’. आणि त्यातील तुटक वळणाच्या अक्षरांवरून साऱ्या कलेसच ‘फ्राक्टुर’ म्हणू लागले. शब्दाचा मूळ अर्थ ‘मोडलेले’. आपल्या मोडीचे नावही मोडण्यावरूनच पडले, असे सांगतात.

मध्यभागी हृदयाकृती, भोवती ट्यूलिपची फुले, गोल्डफिंच पक्षी, देवदूत. आणि आत मजकूर. बालकाचे व आईवडिलांचे नाव, गाव, परगणा, जन्माची तारीख, कित्येकदा वेळ आणि राशीसुद्धा! पाळक कोण, धर्ममातापिता कोण, हेही. विशेष म्हणजे आईचे माहेरचे नाव आवर्जून लिहिलेले असे. कागद भिंतीवर मिरवण्यासाठी नव्हताच. तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवीत किंवा बायबलमध्ये जपून ठेवीत.

लिहिणारे बहुधा शाळामास्तर. तुटपुंज्या मिळकतीस हा जोडधंदा. फ्रीडरिश क्रेब्स हा तर इंग्रजांच्या बाजूने लढण्यास आलेला जर्मन भाडोत्री सैनिक. युद्धानंतर तो येथेच राहिला, मास्तर झाला आणि त्याने शेकडो जन्मपत्रे रंगविली. मेनोनाइट पंथीयांत बालवयात बाप्तिस्मा नसल्याने त्यांच्याकडे टाउफशाइन नसे, कित्ते मात्र सुरेख असत. त्यांच्यातील ख्रिस्तोफर डॉक हे मास्तर चांगल्या विद्यार्थ्याला बक्षीस म्हणून कागदावर फूल वा पक्षी काढून देत. छडीपेक्षा हा उपाय निश्चितच स्वस्त आणि टिकाऊ.

या कागदांची खरी परीक्षा पुढे झाली. 1836 च्या कायद्याने अमेरिकन क्रांतियुद्धातील सैनिकांच्या ज्या विधवांचा विवाह पतीची युद्धसेवा संपण्यापूर्वी झाला होता, त्यांना निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. पण विवाहाचा पुरावा कोठून आणावा? साक्षीदार बहुतेक निवर्तलेले, अर्जदार स्वतः सत्तरी-ऐंशीच्या घरात. तेव्हा काहींनी घरातील रंगीत कुटुंबनोंदच अर्जास जोडली. थोरल्या अपत्याची जन्मतारीख हाच विवाहाचा आधार! ज्याने आयुष्यभर कागदपत्रे तपासली आहेत, त्यासच या पुराव्याचे मोल आणि त्यामागची घालमेल उमजेल. अर्ज नामंजूर झाला तर पैसा नाही, आणि मंजूर झाला तरी कागद घरी परतेल याची खात्री नाही.

1834 नंतर पेनसिल्व्हेनियात सरकारी शाळा वाढल्या, इंग्रजीचे वजन वाढले, छापील नमुन्यांत केवळ नावे भरण्याची रीत रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ थांबली. विधवांनी धाडलेले ते कागद मात्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. ट्यूलिपचा तांबडा रंग अजून शाबूत असलेले.