सोडत त्यांची, तारण आपलं

अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी अन्यायी आहे म्हणून गळा काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. चिठ्ठी काढणारा संगणक आंधळा असतो, त्याला काय बोल लावायचा? संताप यायचाच असेल तर त्या संगणकापर्यंत पोर पोचायच्या आत ज्यांनी डोळे उघडे ठेवून पैसे मोजून घेतले, त्यांचा यायला हवा.

जागा किती, हे काही गुपित नाही. 65 हजार सर्वांसाठी आणि 20 हजार अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी. 2004च्या कायद्याने बसवलेली ही मांडणी आजतागायत जागची हललेली नाही. मी 2002 साली इकडे आलो तेव्हा मर्यादा 1 लाख 95 हजार होती आणि ती भरतही नव्हती. लॉटरी हा शब्द आमच्यापैकी कुणाच्या कानावरसुद्धा आला नव्हता. त्या काळात आलेले माझ्या वयाचे काका लोक आज न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दिवाळी जेवणात "आमच्या वेळी मेरिट लागायचं" असं पोरांना ऐकवतात, तेव्हा हातातली जिलबी त्यांच्या तोंडात कोंबावीशी वाटते. कसलं मेरिट? आपण सोयीच्या साली विमानात बसलो, एवढंच आपलं कर्तृत्व.

म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत खात्यात येते. इथे उलटा कारभार. दोन वर्षांची फी आधी, तीही डॉलरमध्ये, आणि चिठ्ठी नंतर. नंबर लागला नाही म्हणून विद्यापीठ एक सेंट परत करत नाही, बँक व्याजाचा एक हप्ता सोडत नाही आणि पाठवणाऱ्या एजंटाचं कमिशन तर केव्हाच पोचलेलं असतं. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की आपल्या सरकारी बँका तारण मागतात. ते तारण म्हणजे बापाने तीस वर्षं नोकरी करून घेतलेला कोथरूडचा किंवा कल्याणचा फ्लॅट. या सगळ्या साखळीत जोखीम फक्त त्या फ्लॅटची आहे. बाकी सगळे आधीच जिंकून बसलेले.

आणि सुरुवातच खोट्यापासून. विद्यार्थी व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच निघालाय असं अमेरिकी कायदा धरून चालतो. तसं नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणून पुण्याच्या कन्सल्टन्सीत मॉक इंटरव्ह्यू होतात. बावीस वर्षांची मुलगी टेबलासमोर ताठ बसून सांगते, "शिकून मी भारतात परतणार, वडिलांचा व्यवसाय वाढवणार." वडील जिल्हा परिषदेत क्लार्क! समोरची बाई म्हणते, "व्यवसाय म्हणताना अडखळू नकोस." पोरगी पुन्हा म्हणते, या वेळी न अडखळता. मग मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीवर अधिकारीही मान डोलावतो. चाळीस लाखांचं कर्ज रुपयांतल्या पगारात फिटत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

पुढचं गणित असं. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीचे, बारा महिने; स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषय असेल तर आणखी चोवीस. त्या पहिल्या वर्षात बेकारीचे दिवस एकूण नव्वदच्या वर गेले की मुक्काम धोक्यात. या तीन वर्षांत कंपनीने दर मार्चमध्ये लॉटरीत नाव टाकायचं आणि पोराने जीव मुठीत धरून लॉगिन करत बसायचं. ज्याचं नाव निघेल त्याचं स्टेटस एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरून एच-वन होणार. ज्याचं तिन्ही वेळा निघत नाही, त्याच्यासाठी दुसरं मास्टर्स तयार असतं: पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी देणारं, वर्ग महिन्यातून एखाद्या शनिवारी-रविवारी. ही फी शिक्षणाची नाही, मुक्कामाची. पुढे एखाद्या अधिकाऱ्याने त्यावर बोट ठेवलं तर निस्तरायचं पोरानेच.

आता आपल्या माणसांबद्दल. 2023च्या मार्चमध्ये साडेसात लाखांवर पात्र नोंदण्या झाल्या आणि त्यातल्या चार लाखांहून अधिक नोंदण्या अशा लोकांच्या होत्या ज्यांची नावं एकाहून जास्त कंपन्यांनी टाकली होती. तेव्हा एका नोंदणीला दहा डॉलर पडत. एकाच माणसाचं नाव पाच-पाच भावंड-कंपन्यांकडून टाकणाऱ्यांत कोण होते, हे न्यू जर्सीतल्या कुठल्याही देशी माणसाला विचारा. तो आवाज खाली आणून सांगेल. आपल्याच पोरांच्या चिठ्ठ्या आपल्याच लोकांनी गाडल्या, आणि शिव्या मात्र ट्रम्पला. पुढच्या वर्षी सरकारने एका माणसाची एकच चिठ्ठी असा नियम केला, तेव्हा आकडा धाडकन पावणेपाच लाखांच्या आसपास उतरला.

ट्रम्प काही संत नाही. सप्टेंबर 2025मध्ये त्याने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लादली. देशात राहूनच स्टेटस बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ती लागू नाही, हा खुलासा महिन्याभराने आला. तोवर पोरांची झोप उडाली ती उडालीच. शिवाय आता पगाराच्या चार पातळ्यांप्रमाणे चिठ्ठ्या: वरच्या पातळीला चार, तळाच्या पातळीला एक. ताजा पदवीधर बहुधा तळालाच असतो. संधी घटली. विद्यापीठाची फी तेवढीच राहिली.

परवा पुण्यात होतो तेव्हा अशाच एका कन्सल्टन्सीच्या मोफत सेमिनारला जाऊन बसलो. पडद्यावर कॅम्पसवरचं बर्फ, हुडी घातलेली हसरी पोरं आणि "सरासरी पॅकेज". प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं, "तुम्ही पाठवलेल्यांपैकी कितींचा एच-वन लागला?" टाय लावलेला तो तरुण गोड हसला आणि म्हणाला, "सर, व्हिसा हा नंतरचा विषय आहे. आज रजिस्ट्रेशन केलंत तर पंधरा टक्के सूट."