‘एक्स्पिडाइट’ आणि पायांतील बेडी

पीटर मार्क रोजे या इंग्रज वैद्याने १८५२ साली जो थिसॉरस प्रसिद्ध केला, त्यात एकाच कल्पनेचे निरनिराळे शब्द इतक्या चिकाटीने एकत्र आणलेले आहेत की इंग्रजी लिहिणाऱ्याचे आजही त्यावाचून अडते. परंतु सारख्या दिसणाऱ्या शब्दांतील अर्थभेद विशद करण्याच्या फंदात आपण पडणार नाही, असे ग्रंथकाराने प्रस्तावनेतच सांगून ठेवले होते, आणि प्रस्तावना वाचण्याची चाल जगात कोठेच फारशी नाही. परिणामी, वेग वाढविण्याच्या अर्थाचे ॲक्सिलरेट, हेसन, क्विकन, एक्स्पिडाइट, प्रेसिपिटेट हे शब्द म्हणजे एकाच मापाची वजने, कोणतेही उचलून पारड्यात टाकावे, असा समज आपल्याकडील इंग्रजी पत्रव्यवहारात दृढ झाला असून, संगणक पर्यायांची यादी आयती पुढे करू लागल्यापासून तर त्याला धरबंधच उरलेला नाही.

वस्तुतः ‘ॲक्सिलरेट’ला आधीची गती लागते; धावती मोटार, चालू रासायनिक क्रिया, वाढू लागलेली महागाई यांना तो शोभतो. ‘हेसन’चा कल असा की, जे व्हावयाचेच आहे ते अलीकडे ओढले जाते. मद्यपानाने अमक्याचा मृत्यू ‘हेसन’ झाला असे इंग्रज लिहील; त्याच ठिकाणी ‘एक्स्पिडाइट’ घातला तर मद्याने त्या गृहस्थाचा तुंबलेला अर्ज निकालात काढला, असा काहीसा भास होईल. आणि ‘प्रेसिपिटेट’च्या मुळाशी लॅटिनमध्ये डोक्यावर कोसळणे आहे, म्हणजे आपल्या भाषेत कडेलोटच, म्हणून युद्ध आणि अरिष्ट यांच्याशी त्याची सोयरीक जुळते, आणि जिल्ह्याचा विकास ‘प्रेसिपिटेट’ करण्याचे आश्वासन कोणी दिलेच तर मतदारांनी सावध व्हावे.

यांत मला सर्वांत लोभस वाटतो तो ‘क्विकन’. जुन्या इंग्रजीत ‘क्विक’ म्हणजे चपळ नव्हे, तर जिवंत. आपला ‘जीव’ आणि तो शब्द एकाच आदिम धातूची लेकरे आहेत. हा जुना अर्थ केवळ कोशात पडून राहिलेला नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमात, गर्भपात घडवून आणण्याच्या अपराधास सामान्यतः तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलेली असून, स्त्री ‘क्विक विथ चाइल्ड’ असल्यास, म्हणजे गर्भाची हालचाल तिला जाणवू लागलेली असल्यास, ती मुदत सात वर्षांपर्यंत नेलेली आहे. आणि २०२४ साली ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अमलात आली तेव्हाही हे शब्द तसेच राहिले. नाडी, श्वास, पावले, कुतूहल यांनाच ‘क्विकन’ का लागतो, आणि थकबाकीच्या वसुलीला लावला असता तो विचित्र का वाटतो, याचा उलगडा मला या कलमातच होतो.

जाता जाता ‘प्रीपोन’ची वकिली करणे मला अगत्याचे वाटते. साहेबी इंग्रजीचे अभिमानी त्याला हसतात. परंतु तारीख अलीकडे आणली एवढेच तो सांगतो, काम लवकर उरकेल अशी हमी देत नाही, आणि हा प्रामाणिकपणा त्याच्या कुलीन भावंडांत दुर्मीळ आहे. ऑक्सफर्डच्या कोशाने त्याला जागा दिली, ते उचितच झाले.

आता राहिला ‘एक्स्पिडाइट’, आणि माझी खरी तक्रार त्याच्याविषयी आहे. लॅटिनमध्ये ‘पेद्’ म्हणजे पाय, आपल्या ‘पद’चाच सगोत्र, त्यावरून झालेल्या या क्रियापदाचा मूळ अर्थ पायांतील बेडी काढणे, आणि ‘इंपीड’चा अर्थ ती अडकविणे. म्हणजे ‘एक्स्पिडाइट’ करणारा कोणाला धावावयास सांगत नाही, तो अडथळा दूर करतो. आपल्या दफ्तरांत मात्र ‘काइंडली एक्स्पिडाइट द मॅटर’ हे वाक्य वरच्या कचेरीतून खालच्या कचेरीकडे आणि तेथून आणखी खाली, जावक क्रमांक बदलत, अक्षरशः जसेच्या तसे उतरत जाते. मिसलीवर ‘अत्यंत तातडीचे’ अशी चिठ्ठी चढते, पंधरवड्याने स्मरणपत्र येते, त्यावर ‘पाहिले’ असा शेरा पडतो, आणि मोजणीच्या ज्या नकाशावर एक सही राहिल्यामुळे प्रकरण अडले आहे, तो नकाशा ज्याच्या टेबलावर आहे त्याला या साऱ्या धावपळीची वार्ताही नसते. घाईचा हुकूम काढण्याचा अधिकार प्रत्येकास असतो. बेडी कोठे आहे हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नसते, आणि ‘एक्स्पिडाइट’ लिहून मोकळे होणाऱ्यास ती टाळल्याचा ठपकाही लागत नाही. हा शब्द वापरावयाचाच असेल, तर त्याच पत्रात कोणता कागद, कोणत्या कारणास्तव आणि कोणाकडे अडला आहे हे लिहिण्याची सक्ती वरिष्ठांवर का असू नये? एवढे लिहिण्यापुरती मिसल उघडून वाचणे त्यांना भागच पडेल.