हद्दीत आलेली गावे, नोंदीतून गेलेली माणसे

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या गावाचे आकडे परिचित आहेत. १७७१ मध्ये तेथील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती व त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहून लहान होते. मात्र जमीन मोजून मॅनसाहेब थांबले नाहीत. त्यांनी कुटुंबागणिक उत्पन्न, कर्ज आणि मजुरी यांचा हिशेब मांडला. १०३ कुटुंबांपैकी निव्वळ शेतीवर सुस्थितीत राहू शकणारी केवळ ८ होती. बाहेरच्या मजुरीची जोड मिळाली तर आणखी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ कशानेही बसत नव्हता.

आज हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे आणि शेतांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या आहेत. जमिनीचे मोल वाढले, ते सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांच्या पदरात पडले, हे उघडच आहे. परंतु त्या ६७ कुटुंबांचे वंशज कोठे आहेत, याचे उत्तर कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही. बलुतेदाराचा गावावरील हक्क प्रायः कामाचा होता, जमिनीचा नव्हे. काम गेले, तसा हक्कही गेला. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्यानंतर वतनदारांना परत मिळाल्या खऱ्या, पण नव्या शर्तीने, म्हणजे हस्तांतरावरील निर्बंधांसह. एकाच शिवारातील दोन शेजाऱ्यांना शहरीकरणाचा सारखाच लाभ झाला, असे समजणे म्हणूनच भाबडेपणाचे ठरेल.

खेडे मोडले तर शोक कशाला, असाही प्रश्न केला जातो. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली घटना समितीत ग्रामजीवनाच्या गौरवावर कठोर टीका केली होती आणि ती साधार होती. पण जुनी विषमता खरोखर मोडली की गावठाणाच्या बोळांत तशीच राहिली, हे मोजल्यावाचून कसे कळावे?

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे समाविष्ट करण्यात आली. गाव शहरात आले की जनगणनेतील त्याचा स्वतंत्र तक्ता संपतो. त्याची लोकसंख्या प्रभागात मिसळते, आणि प्रभागांच्या सीमा तर निवडणुकीगणिक बदलतात. मग मागील दशकाशी तुलना करावी तरी कशाची? २०२७ च्या जनगणनेत जातींचीही नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. १९३१ नंतर सर्व जातींची अशी गणना जनगणनेत झालेली नाही. या नोंदी समाविष्ट गावांपुरत्या तरी जुन्या महसुली सीमांनुसार वेगळ्या छापाव्यात. त्यासाठी नवा खर्च फारसा नाही; केवळ तक्त्यात एक रकाना वाढेल. ज्या शहरात मॅनसाहेबांनी काम केले, तेथील महाविद्यालयांनी दरवर्षी एकेका गावाची कुटुंबवार पाहणी अंगावर घेणेही अशक्य नाही.

महसुली दफ्तरात जमीन अद्याप ‘मौजे’ अमुक अशी गावाच्याच नावाने ओळखली जाते. त्या गावच्या माणसांना मात्र तेवढीही जागा उरलेली नाही.