शिकणारा फुकट, शिकवणाराही फुकटच?

सोसायटीच्या कागदावर अंगठा उठवून बाहेर आलेल्याला विचारून बघा, कागदात काय होतं? 'साहेबांनी दाखवलं तिथं अंगठा दिला,' हेच ऐकायला मिळेल.

अंगठा पुसायच्या मोहिमा आपल्याकडं कमी झाल्या नाहीत. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, २००९ ला साक्षर भारत. साक्षर भारतमध्ये लोकशिक्षण केंद्रावर प्रेरक असत, महिना २००० रुपये मानधनावर. २०१८ मध्ये योजना गुंडाळली, प्रेरकही घरी बसले. २०२२ पासून 'उल्लास' आहे. १५ वर्षांवरील निरक्षरांना शिक्षण मोफत, ठीकच. पण शिकवणारा स्वयंसेवकही बिनमोबदला! गावातलीच एखादी शिकलेली सून किंवा कॉलेजचा पोरगा दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी वर्ग घेतो. त्याला सेवाभाव म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि खडूसुद्धा त्यानंच आणायचा, हे कुठलं शहाणपण?

सरपंचांनो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, मानधन तुमच्या हातात नाही, कबूल. पण समाजमंदिराची किल्ली आणि एक दिवा तरी आहे ना? सुगीत आठ-पंधरा दिवस वर्ग बंद राहिला तर वरचा अहवाल मागून त्या पोरीला छळू नका. आणि चाळिशी उलटलेल्या बाया 'डोक्यात शिरत नाही' म्हणून वर्ग सोडतात, त्यांना आधी आरोग्य केंद्रात डोळे तपासायला न्या. कित्येकींना अक्षर कळत नसतं असं नाही, दिसतच नसतं. चष्म्यांचा हा विषय येत्या ग्रामसभेत घ्या.