डीपीपासून प्रोग्रॅमपर्यंत

मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, मुंबई-कोलकाता महामार्गावर वडनेर भोलजी आहे. पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, पूर्वेला शेगाव ओलांडले की पारसचे. दोन वीज केंद्रांच्या मधला हा पट्टा. तरीही इथल्या शेतकऱ्याने हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीतल्या किती रात्री जागून काढल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. या गावांतल्या बारावी झालेल्या मुलामुलींना दर जून-जुलैत एकच प्रश्न पडतो: इलेक्ट्रिकल की आयटी? कुणी सांगतो, आयटी घे, पुण्यात नोकरी लागेल. कुणी सांगतो, इलेक्ट्रिकल घे, महावितरणची भरती निघते. दोन्ही सल्ले आपुलकीचेच असतात. पण या दोन विद्या एकमेकींना पर्याय आहेत, हे त्यांत गृहीत धरलेले असते, आणि गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास नेमका याच्या उलट आहे.

क्लॉड शॅनन यांनी 1936 साली मिशिगन विद्यापीठातून दोन पदव्या घेतल्या, एक विद्युत अभियांत्रिकीची आणि एक गणिताची. पुढच्याच वर्षी एमआयटीत लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की रिले आणि स्विच यांची जोडणी तर्कशास्त्राच्या बीजगणिताने मांडता येते. आजचा प्रत्येक संगणक या विचारावर उभा आहे. हा विचार ज्याला सुचला त्याला तारा आणि तर्क दोन्ही शिकवले गेले होते. मला यात योगायोग दिसत नाही.

आपल्याकडेही तेच घडले. फकीरचंद कोहली एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकी शिकून 1951 साली मुंबईत टाटा इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाले. कोणत्या केंद्रातून किती वीज घ्यायची, कुठे वळवायची, हे ठरवणारी भार-नियंत्रणाची व्यवस्था त्यांनी उभी केली आणि वीज यंत्रणेच्या आखणीत व नियंत्रणात संगणक आणला. 1969 साली ते टीसीएसमध्ये गेले. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाची पायाभरणी करणारा माणूस विजेच्या क्षेत्रातून आला होता.

याहून जवळचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातले आहे. डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी 1965 साली पदवी घेतली. 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि 1991 साली तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली परम 8000 हा महासंगणक तयार झाला. नरेंद्र करमरकर यांनी 1978 साली आयआयटी मुंबईतून पदवी घेतली ती इलेक्ट्रिकलची. 1984 साली त्यांनी मांडलेल्या रीतीमुळे रेषीय प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे मर्यादित साधनांच्या उत्तम वाटपाच्या गणिताच्या, अवाढव्य उदाहरणांकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि त्या घराण्यातल्या पद्धती आज वीजवाटपाच्या गणितातही वापरल्या जातात.

मग या दोन विद्यांमध्ये भिंत आली कुठून? ती ज्ञानातून आली नाही, प्रवेशप्रक्रियेतून आली. संगणक उद्योगाला माणसे हवी होती, महाविद्यालयांनी नव्या शाखा काढल्या, जागा वाटल्या, विभाग वेगळे झाले. शाखा काढणे आवश्यकच होते. पण विभागांच्या इमारतींबरोबर विषयही वेगळे झाले, याचे नुकसान आपण मोजलेच नाही. तशी जोड आपल्याला अनोळखी नव्हती: अमरावती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर’ नावाची शाखा होती. शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 सालचे, वडनेरहून रोज जाऊन-येऊन शिकण्याजोगे. तिथे आज इलेक्ट्रिकलही आहे आणि आयटीही. मुलांना जिल्ह्याबाहेर पाठवण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न एकाच आवारातल्या दोन विभागांमधल्या अंतराचा आहे.

हे अंतर कुठे नडते ते डीपीपाशी, म्हणजे शेतातल्या वीज वितरण रोहित्रापाशी, उभे राहिले की दिसते. समजा, 63 केव्हीएची डीपी आहे. ती साधारण 84 अँपिअर सोसते. तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटारी, प्रत्येकी सात अँपिअरच्या. चालू असताना सत्तर अँपिअर, म्हणजे सगळे ठीक. पण मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. थ्री फेज येण्याची वाट पाहत जागायला नको म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतो, आणि त्यात त्याची चूक काढता येणार नाही. वीज आली की दहाही मोटारी एकदम उठतात, क्षणात मागणी साडेतीनशे ते चारशे वीस अँपिअरवर जाते, व्होल्टेज कोसळते, फ्यूज उडतो आणि कधी डीपीच जळते. मग ती बदलून येईपर्यंत पीक वाळते.

सगळ्यांनी एकाच वेळी बोलू नये यासाठी काय करायचे, हा प्रश्न माहिती तंत्रज्ञानात पन्नास वर्षांपूर्वी सुटला आहे. 1971 साली हवाई विद्यापीठाच्या अलोहा जाळ्यात संदेश एकमेकांवर आदळले की प्रत्येक यंत्र आपापला, चिठ्ठी टाकल्यासारखा काळ थांबून पुन्हा पाठवत असे. हीच कल्पना स्टार्टरमध्ये घातली, प्रत्येक मोटार वेगवेगळे काही सेकंद किंवा मिनिटे थांबून सुरू झाली, तर तो धक्का वाटला जातो. काम दहा-वीस ओळींच्या प्रोग्रॅमचे आहे. पण आयटीच्या मुलीला मोटारीचा सुरुवातीचा करंट कुणी शिकवलेला नसतो आणि इलेक्ट्रिकलच्या मुलाला अलोहा ऐकूनही माहीत नसते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून शेतातला पंप चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ बनवले, त्याला 2009 साली नोकियाचा जागतिक पुरस्कार मिळाला. तिथेही दोन विद्यांचाच मेळ होता.

शहरालाही या अंतराची किंमत मोजावी लागते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई अंधारात गेली. कारण सायबर घातपात की मानवी चूक, यावर राज्य आणि केंद्र यांनी वेगवेगळी मते मांडली. ज्याला रिलेही वाचता येतो आणि सर्व्हरच्या नोंदीही, असा माणूस प्रत्येक उपकेंद्रामागे लागणार आहे.

असा माणूस घडवण्याच्या दोन वाटा आज खुल्या आहेत. एप्रिल 2022 मध्ये यूजीसीने दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी घेण्याची मुभा दिली. तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत, ही मुख्य अट. एआयसीटीईच्या चौकटीत नेहमीच्या 160 श्रेयांकांवर साधारण 20 श्रेयांक जास्त केले की दुसऱ्या विषयाची ‘मायनर’ पदवी मिळते. मी आधी या दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून दोन पदव्यांची फी निघत नाही, आणि दोन प्रमाणपत्रे शेजारी-शेजारी ठेवून विद्या एक होत नाही. वीस श्रेयांक नीट निवडले तर पुरतात: इलेक्ट्रिकलच्या मुलांना नेटवर्क, डेटाबेस, सायबर सुरक्षा, आयटीच्या मुलांना यंत्रे, संरक्षण रिले, वीज वितरण. मात्र शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोन्ही विभागांचा मिळून एकच असावा आणि तो आसपासच्या फीडरवर व्हावा. त्यासाठी महावितरणने वडनेरसारख्या गावाच्या कृषी फीडरच्या वर्षभराच्या भाराच्या नोंदी महाविद्यालयांना द्याव्यात. ग्राहकांची नावे, मीटर क्रमांक गाळता येतात. तासातासाचा भार, वीज गेल्याच्या वेळा आणि जळालेल्या डीपींची यादी एवढे मिळाले तरी पुढच्या रब्बीआधी मुले कामाला लागतील.